उंदराचा श्वास

नांदेड-लातूरच्या शिवारात उंदीर म्हणजे शेतकऱ्याचा वैरी. घरातली ज्वारी कुरतडणाऱ्या या प्राण्याचा श्वास टिकावा म्हणून कोणी डोळ्यांत तेल घालून बसत असेल, हे आपल्याला खरे वाटणार नाही. पण प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदराच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते, तेव्हा नेमके हेच घडते.

असे का करावे लागते? लोहाराचा भाता आठवा. आपली छाती तशीच चालते. बरगड्या वर उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकते, आतला दाब कमी होतो आणि हवा आपोआप फुफ्फुसांत ओढली जाते. भात्याचे चामडे फाटले, तर तो कितीही हलवला तरी वारा मिळत नाही. छाती उघडल्यावर तेच होते. बाहेरची हवा फुफ्फुसांभोवती शिरते, फुफ्फुसे मिटतात आणि काही मिनिटांतच प्राणी दगावतो. म्हणून हृदयापर्यंत पोचण्याआधी श्वासाची सोय लावावी लागते.

उंदराला प्रथम भूल देतात. नंतर तोंडावाटे एक बारीक नळी श्वासनलिकेत सरकवतात. ती चुकून अन्ननलिकेत गेली, तर पोट फुगते आणि फुफ्फुसे उपाशी राहतात. नळी श्वसनयंत्राला जोडली, की यंत्र हवा आत ढकलू लागते. अडीचशे-तीनशे ग्रॅम वजनाच्या उंदराला एका वेळी सुमारे २ ते ३ मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा हवा पुरते. मात्र ती मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा द्यावी लागते. कमी पडली तर तो गुदमरतो, फार झाली तर नाजूक फुफ्फुस फाटते.

मग बरगड्यांमधून वाट काढून हृदयाची एक धमनी दोऱ्याने बांधतात. हा मुद्दाम आणलेला हृदयविकाराचा झटका! त्यानंतर हृदयाचा स्नायू कसा मरतो, कोणते औषध त्याला सावरते, हे पाहतात. छाती शिवताना आत अडकलेली हवा काढून घेतात. उंदीर आपला आपण श्वास घेऊ लागला, तरच नळी काढतात.

ही विद्या जुनी आहे. १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हुक याने छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्याने हवा देऊन जिवंत ठेवले. तेव्हा भुलीची सोय नव्हती. त्याआधी १६६४ साली केलेल्या अशाच प्रयोगातील यातनांनी हुक स्वतः कळवळला होता. तरीही प्रयोग पुन्हा झालाच. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या धाडसामागेही कुत्र्यांवर केलेले कित्येक प्रयोग होते. माणसाच्या उपचारांवर मुक्या जिवांचे असे ऋण आहे.

मग या जिवांचा कैवार कोणी घ्यावा? प्रयोग करणाऱ्यानेच 'सर्व ठीक आहे' म्हणावे, तर ती उंदराला मांजर साक्ष झाली. म्हणून आपल्या देशात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनुसार अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते. या समितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्याबरोबर शास्त्रज्ञ नसलेली, सामाजिक जाण असलेली एक व्यक्तीही असते.

ही खुर्ची तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, अशांचीसुद्धा! तेथे नुसती मान डोलावून चालणार नाही. भूल पुरेशी आहे का, नळी घालणारा हात शिकलेला आहे का, इतके उंदीर खरेच लागणार आहेत का, असे विचारण्यापुरते शास्त्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही यायलाच हवे.