२०२२ आणि ती ३२ मिनिटं

२०२२ म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती ६ फेब्रुवारीची सकाळ. लतादीदी गेल्या आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर गर्दी लोटली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. ऑगस्टमध्ये गोर्बाचेव्ह, सप्टेंबरमध्ये राणी एलिझाबेथ, वर्ष सरता सरता पेले. पण मला विचाराल, तर त्या वर्षातली सर्वांत मोठी घटना आपल्यापासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर घडली, आणि तिच्यात कुणालाही इजा झाली नाही.

त्याआधी पृथ्वीने आपला हिसका दाखवला होता. १५ जानेवारीला पॅसिफिकमधल्या टोंगाजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. राख आणि वाफ ५७ किलोमीटर उंच उसळली, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच्या जवळपास पाचपट. आवाज थेट अलास्कापर्यंत ऐकू गेला. विहिरीत धोंडा टाकल्यावर वलयं उठावीत तशी हवेच्या दाबाची लाट पसरली, ती पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घालून गेली. जगभरच्या वायुभारमापकांवर तिची नोंद आहे. समुद्रतळाची केबल तुटल्याने टोंगाचा मात्र जगाशी संपर्कच तुटला.

आता माणसाने दिलेला धक्का पाहा. डिडिमॉस नावाच्या लघुग्रहाभोवती डिमॉर्फस हा सुमारे १६० मीटरचा चिमुकला चंद्र फिरतो. टकरीआधी एका फेरीला त्याला ११ तास ५५ मिनिटं लागत. या जोडीपासून आपल्याला काडीचाही धोका नव्हता, म्हणूनच एखाद्या लघुग्रहाला धडक देऊन वाटेवरून ढकलण्याच्या सरावाला ती निवडली. २६ सप्टेंबरला नासाचं पावणेसहाशे किलोच्या आसपासचं ‘डार्ट’ यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने त्या चंद्रावर जाऊन आदळलं.

शेवटच्या मिनिटांची छायाचित्रं जरूर पाहा. यान सेकंदाला एक चित्र पाठवत होतं. आधी नुसता ठिपका, मग अंड्यासारखा गोळा, मग त्यावरचे दगडधोंडे एकेक करून दिसू लागतात. शेवटचं चित्र अर्धवटच आलं. वरची पट्टी तेवढी दिसते, बाकी कोरं. ते पूर्ण पाठवायच्या आत यानाचे तुकडे झाले होते!

फेरी ७३ सेकंदांनी जरी कमी झाली, तरी मोहीम यशस्वी मानायची असं ठरलं होतं. ती कमी झाली सुमारे ३२ मिनिटांनी. असं कसं? टकरीने असंख्य दगडमाती उलट्या दिशेला उधळली आणि बंदुकीतून गोळी सुटताना मागे बसतो तसा झटका डिमॉर्फसला बसला. यानाच्या धडकेपेक्षा या झटक्याचाच वाटा मोठा होता. एका खगोलाची वाट माणसाने जाणूनबुजून बदलली, असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

त्याच सप्टेंबरमध्ये, २ तारखेला, फ्रँक ड्रेक गेले. परग्रहावरून कुणी बोलतंय का, हे १९६०पासून रेडिओ दुर्बिणीने ऐकणारे हे शास्त्रज्ञ. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत धाडलेल्या सोनेरी तबकडीच्या कामातही ते होते. तिच्यावर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आपल्या वर्तमानपत्रांत ड्रेक यांना चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती.

डिमॉर्फसवर नेमकं किती नुकसान झालं, हे जवळून पाहायला ऑक्टोबर २०२४मध्ये युरोपचं ‘हेरा’ यान निघालं. ते २०२६च्या अखेरीस तिथे पोहोचेल असं नियोजन आहे.