इंजिन एका घरचं, सांगाडा दुसऱ्या घरचा

लंडनला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याने म्युझियमचा बेत आखून ठेवला होता. ‘तू ममी बघून ये, मी माझ्या देवाला जाऊन येतो,’ असं सांगून मी बेकरलू लाइन पकडली आणि स्टोनब्रिज पार्कला उतरलो. तिथून चालत थोड्याच अंतरावर, नॉर्थ सर्क्युलर रोडला लागून, एस कॅफे आहे. मोटरसायकलवेड्यांची पंढरी म्हटलं तरी चालेल.

देव अंगणातच उभा होता. रंग न दिलेली, घासून घासून आरशासारखी केलेली ॲल्युमिनियमची लांबुडकी टाकी. हँडल इतकं खाली, की चालवणाऱ्याची छाती टाकीवर टेकावी. आणि इंजिनखाली घडी घातलेला पुठ्ठा, त्यावर रुपयाएवढा काळा तेलाचा डाग. हा डाग बघितला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या जुन्या बुलेटनेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेच डाग पाडून सेक्रेटरींचा रोष ओढवून घेतला आहे.

ही गाडी ट्रायटन. ट्रायम्फचा ‘ट्राय’ आणि नॉर्टनचा ‘टन’. गंमत अशी, की या दोन्हींपैकी एकाही कारखान्याने ती कधी बनवली नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या पोरांनी ती परसातल्या शेडमध्ये जुळवली. त्या काळी ट्रायम्फचं इंजिन नावाजलेलं होतं. एडवर्ड टर्नरने 1937 मध्ये स्पीड ट्विनसाठी दोन सिलिंडर शेजारी शेजारी ठेवून ते घडवलं होतं. पुढे ते 650 सीसीचं झालं आणि 1959 मध्ये त्यातूनच बॉनेव्हिल आली. पण वळणावर ट्रायम्फची फ्रेम अंग हलवायची. उलट नॉर्टनची फ्रेम म्हणजे रस्त्याला चिकटलेली घोरपड.

या फ्रेमवर माझा जीव आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी ती आखली. दोन्ही बाजूंना नळीचा एकेक सलग फेरा, आणि हे दोन फेरे हँडलच्या मानेपाशी एकमेकांना ओलांडतात. बस्स, एवढंच! 1950 मध्ये ती शर्यतीत उतरली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. हॅरल्ड डॅनियल नावाचा स्वार तिच्यावरून उतरून म्हणाला, की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. म्हणून नाव पडलं ‘फेदरबेड’.

मग या फ्रेम पोरांना मिळायच्या कुठून? हे उत्तर मला सगळ्यात आवडतं. तेव्हा 500 सीसीच्या छोट्या रेसिंग कारचं वेड होतं आणि त्यांना नॉर्टनच्या मँक्स या रेसिंग मोटरसायकलचं इंजिन हवं असे. नॉर्टन नुसतं इंजिन विकेना. म्हणून कारवाले अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन काढायचे आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचे. इंजिन नसलेली उत्तम फ्रेम एकीकडे, बरी फ्रेम नसलेलं उत्तम इंजिन दुसरीकडे. सोयरीक जुळायला आणखी काय लागतं?

पण लग्न लावणं सोपं नव्हतं. नॉर्टनची भोकं ट्रायम्फच्या इंजिनाशी जुळत नाहीत. मध्ये ॲल्युमिनियमच्या जाड प्लेट लागतात. त्या अंगणातल्या गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले आजोबा होते. मी वाकून प्लेटकडेच बघतोय हे पाहिल्यावर त्यांची कळी खुलली. आधी पुठ्ठ्यावर आकार कापायचा, इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवून तो लावून बघायचा, पुन्हा कापायचा. मग पत्रा, करवत, कानस. इंजिन शक्य तितकं पुढे घ्यायचं, म्हणजे पुढच्या चाकावर वजन येतं. ट्रायम्फच्या 650 मध्ये 1962 पर्यंत गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असे. त्यामुळे दोघांमधली चेन सरळ रेषेत यायलाच हवी. केसभर तिरकी राहिली, तर चेन खाल्लीच म्हणून समजा. ‘पहिली प्लेट वाया गेली, दुसरीही गेली,’ आजोबा म्हणाले, ‘ही तिसरी.’ मी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कानशीचे बारीक ओरखडे अजून लागतात.

एवढं करूनही कंप राहतोच. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जातात. फ्रेम कितीही गुणी असली तरी ती हे दणके कसे जिरवणार? खरं सांगायचं तर ट्रायटन आरामाची गाडी नव्हेच. बुटकं हँडल मीही एकदा हौसेने बुलेटला लावलं होतं, नाना पेठेत जोडणी करून. महाबळेश्वरला निघालो आणि खंबाटकीतच मनगटं बधिर झाली. परतल्यावर जुनं हँडल पुन्हा चढवलं.

इतिहास आता भरभर उरकतो. एस कॅफे 1938 मध्ये ट्रकवाल्यांसाठी उघडलं, 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात पडलं, 1949 मध्ये पुन्हा बांधलं, 1969 मध्ये बंद झालं. 1994 मध्ये जुन्या मंडळींचा मेळावा भरला आणि 2001 मध्ये ते पुन्हा पूर्णपणे सुरू झालं. कॅफे बंद होण्याआधीच्या काळात चामडी जाकिटातले रॉकर आणि स्कूटरवाले मॉड यांच्या 1964 मधल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या मारामाऱ्या वर्तमानपत्रांनी चवीने छापल्या.

या रॉकर पोरांचं ध्येय एकच, ‘टन’. म्हणजे ताशी 100 मैल, आपले 161 किलोमीटर. ज्यूकबॉक्सवर रेकॉर्ड लावायची आणि ती संपायच्या आत ठरलेल्या चौकाला वळसा घालून परत यायचं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. मला ती जरा फुगवलेली वाटते. पण तीन मिनिटांत टनाच्या वेगाने 5 मैल होतात, म्हणजे हिशेबात अगदीच अशक्य नाही. अपघातात पोरं मेली, हे मात्र खरं. हेल्मेटसक्ती तिथे 1973 मध्ये आली.

अशा या ‘वाया गेलेल्या’ पोरांकडे 1962 मध्ये एक पाद्री गेला. फादर बिल शेरगोल्ड. स्वतः मोटरसायकलवर फिरणारा. गळ्यातली पांढरी पट्टी स्कार्फखाली लपवून तो एस कॅफेत शिरला आणि पोरांना हॅकनी विकच्या चर्चमध्ये यायचं निमंत्रण देऊन आला. त्या चर्चच्या ‘59 क्लब’ या तरुणांच्या मंडळाचा मोटरसायकल विभाग त्यातून उभा राहिला. चर्चमध्ये गाड्या नेऊन त्यांना आशीर्वाद दिल्याचे फोटो मी पाहिले आहेत. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालणाऱ्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही.

ट्रायटन निव्वळ टवाळांची होती असंही नाही. डेव्ह डेगन्सने ‘ड्रेस्डा’ नावाने ट्रायटन बांधल्या आणि 1965 मध्ये रेक्स बुचरच्या जोडीने बार्सिलोनाची 24 तासांची शर्यत त्यातल्याच एकीवर जिंकली. कारखान्यांना जे सुचलं नाही, ते एका गॅरेजवाल्याने दिवसरात्र पळवून दाखवलं.

‘कुठून आलात?’ आजोबांनी विचारलं. पुणे म्हटल्यावर त्यांनी हनुवटीने पलीकडे खूण केली. तिथे नवीकोरी ट्रायम्फ स्पीड 400 उभी होती. ‘ती तुमच्याकडचीच ना?’ मी मान हलवली. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते ती. आणि नॉर्टन 2020 पासून आमच्या टीव्हीएसकडे आहे, हेही सांगितलं. म्हातारबाबा हसत सुटले. ‘मग दोन्ही तुकडे तुमच्याच देशात झाले की! प्लेट तेवढी करायची राहिली.’

मग उजव्या पायाने त्यांनी किक मारली. पहिली वाया, दुसरी वाया, तिसरीला गाडी खोकली आणि लागली. कॅफेच्या काचा थरथरल्या. आजोबा उतरले, तेलाने भिजलेला पुठ्ठा उचलला, नीट घडी घालून जाकिटात सरकवला आणि नॉर्थ सर्क्युलरवर दिसेनासे झाले.