विद्युत् चलित्रांचे पूर्वानुमानी नियंत्रण

चलित्राच्या गणितीय प्रतिमानावरून त्याच्या पुढील क्षणीच्या विद्युत् प्रवाहाचे व परिपीडनाचे (फिरविणाऱ्या परिबलाचे) मूल्य आधीच काढून, शक्य त्या आदेशांपैकी सर्वांत इष्ट आदेश निवडण्याच्या पद्धतीला पूर्वानुमानी नियंत्रण म्हणतात. नेहमीचा नियंत्रक चूक घडल्यावर ती सुधारतो; येथे प्रत्येक आदेशाचा परिणाम तो देण्यापूर्वीच पडताळला जातो.

ही कल्पना रासायनिक उद्योगांतून आली. फ्रान्समधील झाक रिशाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती मांडली. तेल शुद्धीकरणासारख्या प्रक्रिया मिनिटामिनिटांनी बदलत असल्याने त्या काळच्या मंद संगणकांनाही हे गणित झेपत असे. चलित्रातील प्रवाह मात्र मिलिसेकंदाच्या अंशात बदलतो. योआखिम होल्ट्झ यांनी १९८३ मध्ये प्रवाहाच्या पूर्वानुमानावर आधारित नियंत्रण दाखविले, तरी स्वस्त व वेगवान सूक्ष्मप्रक्रियक येईपर्यंत पद्धतीचा प्रसार झाला नाही. चिलीतील होसे रोद्रिगेस आणि इतरांच्या २००७ मधील कार्यानंतर तिचा अभ्यास सर्वत्र सुरू झाला.

एकदिश प्रवाहापासून त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणाऱ्या साध्या इन्व्हर्टरात तीन शाखा असतात. प्रत्येक शाखा धन किंवा ऋण टोकास जोडता येते, म्हणून एकूण ८ जोडण्या संभवतात. त्यांपैकी दोहोंपासून शून्य दाब मिळत असल्याने वेगळे दाब ७ च होत. नियंत्रक प्रवाह व वेग मोजतो, या प्रत्येक दाबाने पुढे काय होईल ते काढतो आणि इष्ट मूल्याशी सर्वांत कमी अंतर राखणारी जोडणी निवडतो. हे दर ५० मायक्रोसेकंदांनी केल्यास ५० हर्ट्‌झ प्रवाहाच्या एका आवर्तनात ४०० वेळा निवड होते. गणनेतच वेळ जात असल्याने व्यवहारात दोन पावले पुढचे पाहावे लागते.

नांदेड-लातूर भागात सौरऊर्जेवरील कूपनलिकांचे पंप या विषयाचे जवळचे उदाहरण ठरतात. सौर पट्टांवर ढग आला की उपलब्ध शक्ती काही सेकंदांत निम्म्याहून खाली येऊ शकते. वेग त्वरित न घटविल्यास इन्व्हर्टरचा दाब कोसळून पंप बंद पडतो. पण वेग फार घटविताही येत नाही. पाणी जितके खोल, तितका ते वर चढविण्यास लागणारा किमान वेग अधिक. त्याखाली चलित्र फिरते, वीज खर्च होते, पाणी मात्र येत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा वर्षी भूजल खोल गेल्याने ही मर्यादा विशेष जाचक होते. पूर्वानुमानी पद्धतीत दाब, प्रवाह व वेग यांच्या मर्यादा निवडीतच समाविष्ट करता येतात, हा तिचा खरा गुण होय. तसेच त्या वेगास अपेक्षित असलेल्यापेक्षा परिपीडन एकाएकी घटल्यास बोअर कोरडी पडत असल्याचे ओळखून पंप थांबविता येतो. पाण्यानेच थंड राहणारी पाणबुडी मोटार कोरडी चालल्यास जळते. तथापि पाण्याची हालचाल मंद असते, त्यामुळे छोट्या पंपांना दाब व कंप्रता यांचे गुणोत्तर स्थिर राखणारी साधी पद्धत सहसा पुरते.

रेल्वे-कर्षणात लाभ अधिक संभवतो. लातूरजवळच्या मराठवाडा रेल्वे डबे कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला. विजेवर चालणाऱ्या आधुनिक गाड्यांतील मोठ्या इन्व्हर्टरांत प्रत्येक जोडणी बदलताना उष्णता वाया जाते. जोडणी-बदलांची संख्याही निवडीत मोजून ही हानी कमी करता येते. यासाठी दूरचे पाहणे हितकारक असले, तरी तीन पावले पुढे पाहिल्यास ५१२, तर पाच पावलांस ३२,७६८ पर्याय होतात.

ही पद्धत प्रतिमानाच्या अचूकतेवर विसंबून असते. तांब्याच्या वेष्टनाचे तापमान २०° से. वरून १००° से. झाल्यास रोध सु. ३१ टक्क्यांनी वाढतो. थंड चलित्रासाठी योजिलेले प्रतिमान मग मंद वेगात चुकू लागते. म्हणून रोधाचे मूल्य चालू असतानाच सुधारून घ्यावे लागते.