टीटीला उतरणारे आपण

दादर टीटी. कॉलेजची पाच वर्षं मी रोज तिथे उतरले, पण टीटी म्हणजे काय हा प्रश्न एकदाही पडला नाही. ट्रेनमध्ये टीसी असतो, तसंच काहीतरी असेल! परवा आजोबांना सहज विचारलं, तर मी स्वतःचं आडनाव विसरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'ट्राम टर्मिनस गं! आमची ट्राम तिथे संपायची.'

मग काय, सुटलेच ते.

मुंबईत ट्राम आली ९ मे १८७४ ला. तेव्हा ती घोडे ओढायचे. कुलाबा आणि बोरीबंदर, दोन्हीकडून पायधुणीपर्यंत. विजेवरची ट्राम १९०७ ची, डबलडेकर १९२० ची. अगदी 'बेस्ट'मधला टीसुद्धा मुळात ट्रामवेजचा, ट्रान्सपोर्टचा नंतर झाला. हे सगळं मी वाचून काढलेलं. आजोबांना यातल्या एकाही सनाशी देणंघेणं नाही. त्यांची ट्राम म्हणजे लालबागच्या चाळीसमोरून खडखडत जाणारी. ड्रायव्हर उभा, पायाखाली घंटा. ती कशी वाजायची हे त्यांनी गॅलरीच्या लाकडी फळीवर टाच आपटून दाखवलं, तर खालच्या काकू बघायला बाहेर आल्या!

सगळ्यात भारी होतं टर्मिनस. तिथे ट्रामला वळावंच लागत नसे. टपावरचा तारेला टेकलेला दांडा दोरीने ओढून उलटा फिरवायचा, ड्रायव्हर हँडल घेऊन दुसऱ्या टोकाला जायचा, बाकांच्या पाठी धडाधड उलट्या की झाली पुढची मागे. त्या पाठी उलटवायला पोरं आत घुसायची. आणि रुळावर काचा ठेवून मांजासाठी भुगा करायची. 'घरी सांगू नकोस,' आजोबा म्हणाले. घरी म्हणजे कुणाला? त्यांच्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली.

पण रूळ रस्त्याच्या मधोमध. बस बाजूला घेता येते, ट्राम नाही. गाड्या वाढल्या तशी ट्रामची अडचण व्हायला लागली, मार्ग एकेक करून बंद झाले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला निघाली. लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी केली होती.

आजोबा तेव्हा नववीत. वार्षिक परीक्षा तोंडावर, त्यामुळे वडिलांनी साफ नाही म्हटलं. मोठ्या भावाला मात्र परवानगी, कारण तो नोकरीला लागला होता. आजोबांनी पुस्तक मांडीवर घेऊन गॅलरीत बसून ती ट्राम जाताना पाहिली. भाऊ आत कुठेतरी लोंबकळत होता, पण त्या झुंबडीत दिसला नाही. मध्यरात्री घरी आल्यावर त्याने तिकीट दाखवलं. दाखवलं फक्त, दिलं नाही. 'दोन महिने बोललो नव्हतो त्याच्याशी.' हे सांगताना आजोबा अजूनही थोडे रागावलेलेच वाटले. भाऊआजोबा मागच्या वर्षी गेले.

रुळांचं काय झालं? बरेचसे उखडले, काही डांबराखाली राहिले. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खोदताना ते वर आले तेव्हा पेपरात फोटो छापून आले होते. मी ते स्क्रोल करून पुढे गेले होते, हेही कबूल करते.

आमची चाळ पुढच्या महिन्यात रिकामी होणार, पुनर्विकास. गॅलरीही जाणार. सगळे भांडी आणि कपाटं बांधतायत. आजोबा एकेक जुना डबा उघडून बसलेत. भाऊआजोबांच्या पेटीतले कागद त्यांनी दोनदा चाळले. काल रात्री मला हाक मारली, 'तुझी नजर चांगली आहे. या फोटोंच्या मागे काही चिकटलंय का, बघ जरा.'

अजून तीन अल्बम व्हायचेत.