छाटणीआधी कात्रीची धार पाहा

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, निफाड-दिंडोरी भागात ऑक्टोबर छाटणीच्या वेळी कात्रीला दिवसभर उसंत नसते. औषधांचा हिशेब चोख ठेवणारे बागायतदार धारेकडे मात्र काणाडोळा करतात. धारदार पाते काडी कापते, बोथट पाते ती चिरडते. चिरडलेली काडी कापापासून खाली वाळत जाते. काप डोळ्याला लागून असेल तर तो डोळा, म्हणजे येणारा घडच, धोक्यात येतो.

नुकसान कात्रीचेही होते. काडी तुटेना की मजूर मनगट पिळतो. त्याने मधला बोल्ट ढिला पडतो, पात्यांत फट राहते आणि मग कितीही धार लावली तरी काडी त्या फटीत दुमडते. म्हणून आधी बोल्ट आवळावा. नंतर पात्याच्या फक्त उतरत्या बाजूस, मूळ उतार न बदलता, बारीक दगडाने धार लावावी. सपाट बाजू घासू नये. तिकडे वळलेली कड तेवढी दगड आडवा ठेवून हलकेच काढावी. संध्याकाळी चिकटलेला रस पुसून तेलाचे बोट फिरवावे. जाड ओलांड्याला करवतच लावावी.