रात्रीं चालणारें यंत्र आणि सुटणारा गाभा



फळी करवतणारा सुतार आपण पाहिलाच असेल. कापणें शेवटच्या दोन बोटांवर येतांच तो हात आवरतो आणि जवळच्या पोऱ्यास म्हणतो, "धर रे!" सुटणारा तुकडा धरला नाहीं, तर तो आपल्याच भारानें मोडतो व कड बिघडवितो. आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे त्याची अडचण हीच आहे. मात्र रात्रीं त्याच्याजवळ तुकडा धरावयास कोणी नसतो.

हें यंत्र तारेनें धातु कापतें. भोसरीकडील कारखान्यांत त्यास 'वायरकट' म्हणतात. १९४३ सालीं सोव्हिएत रशियांत बोरिस व नताल्या लाझारेंको या शास्त्रज्ञ पतिपत्नींनीं, विजेच्या ठिणगीनें धातु झिजतो या उपद्रवालाच कामास जुंपलें. त्या शोधांतून पुढें हें यंत्र निघालें. बहुधा पाव मिलिमीटर जाडीची पितळेची तार वरच्या गाईडमधून खालच्या गाईडमध्यें सारखी उतरत असते. ती धातूस टेकत नाहीं. मधल्या फटींत क्षार काढलेलें पाणी असतें. तेथें ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण वितळवून काढते.

डायमध्यें आरपार चौकोन पाडावयाचा असेल, तर आधीं एक लहान भोंक पाडून त्यांत तार ओंवतात व आंखलेल्या रेषेवरून फिरवितात. फेरी पुरी झाली कीं मधला ठोकळा सुटतो. हाच गाभा. पोलाद ५० मिलिमीटर जाड आणि चौकोनाची बाजू ४० मिलिमीटर धरली, तर गाभ्याचें घनफळ ८० घन सेंटिमीटर होतें. दर घन सेंटिमीटरास ७.८५ ग्रॅमप्रमाणें त्याचें वजन सुमारें ६३० ग्रॅम भरतें.

असा गाभा कलून तारेस टेकला, तर शॉर्ट होऊन यंत्र थांबतें किंवा तार तुटते. तो खालच्या नोझलवर उतरला आणि यंत्राचें डोकें पुढें सरकलें, तर नोझल फुटतें, गाईडची रेषा हलते आणि पुढचीं कामें वांकडीं होतात. लहान, पातळ गाभा तर पाण्याच्या जोरानें उचलला जाऊन भलतीकडेच अडकतो. मग सकाळीं कामगारापुढें दहा भोंकांऐवजीं एकच भोंक आणि मोडकें नोझल असतें.

यावर उपाय तीन आहेत.

पहिला आणि जुना उपाय टॅबचा. फेरी पुरी न करितां शेवटचे कांहीं मिलिमीटर न कापतां ठेवावयाचे. रात्रभर यंत्रानें सर्व भोंकें अशींच अर्धवट सोडावीं. सकाळीं कामगारानें एकेक टॅब कापून, गाभा लोहचुंबकानें धरून काढावा. ॲल्युमिनियम किंवा तांबें असेल तेथें चुंबकाचा उपयोग नाहीं. तेथें खालून आधार द्यावा लागतो. टॅब कोपऱ्यांत ठेवूं नये. सरळ बाजूवर ठेवावा, म्हणजे तेथला उंचवटा मागाहून सफाईच्या फेरीनें निघतो. गाभा जड तितका टॅब रुंद.

दुसरा उपाय गाभाच न ठेवण्याचा. तार आंतून बाहेर वळसे घेत सगळा धातु झिजवून टाकते. ५ मिलिमीटरच्या भोंकांत आधींचें भोंक ३ मिलिमीटरचें असेल, तर भोंवतीं १ मिलिमीटरचेंच कडें उरतें. तेथें हा उपाय उत्तम. आपल्या ४० मिलिमीटरच्या चौकोनास मात्र त्यांत फार वेळ व फार तार जाईल.

तिसरा उपाय नव्या यंत्रांतला. कांहीं ठरलेल्या जागीं ठिणगीचा प्रकार असा बदलतात कीं, तारेचें पितळ फटींत बसून गाभा जागच्या जागीं धरून ठेवतें. सकाळीं हलका ठोका दिला कीं तो निघतो. राहिलेलें पितळ सफाईच्या फेऱ्यांत जातें.

तेव्हां दिवा मालवून जाण्यापूर्वीं कामगारानें यंत्रास दिलेल्या आज्ञा भोंकागणिक वाचाव्या आणि प्रत्येक ठिकाणीं विचारावें: येथला गाभा किती भाराचा, तो केव्हां सुटणार, आणि तेव्हां येथें कोण असणार? "कोणी नाहीं" असें उत्तर आलें, तर वरील तिहींपैकीं एक तजवीज केल्यावांचून यंत्र सुरू करूं नये.