घरातले तळे, तळ्यावर झाड

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. भिक्खूंनी पावसाळ्यात एकाच ठिकाणी का राहायचे, याचे जे कारण सांगितले जाते ते आम्हाला फार आवडते. या दिवसांत जमिनीतून हिरवे अंकुर वर येतात, बारीक जीव बाहेर पडतात. ते पायाखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून भ्रमण थांबवायचे.

याच दिवसांत आपल्या चाळीच्या भिंतीच्या फटीतून, गच्चीच्या कठड्यातून, पाण्याच्या टाकीच्या कडेने पिंपळाची लालसर पाने डोकावू लागतात. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी तिथे रुजलेले असते. भिंत फुटेल म्हणून कोणी ते उपटतो. कोणी ‘पिंपळावर मुंजा असतो’ म्हणून हात लावायलाही घाबरतो. आपल्याला मुंजाची भीती नाही. सिद्धार्थ गौतमाला ज्या झाडाखाली बोधी प्राप्त झाली ते हे झाड. पण भिंत तर आपलीच, आणि ती फुटणार हेही खरे. मग त्या रोपाचे करायचे काय?

आम्ही त्याला घरातल्या फिशटँकवर जागा दिली. खाली मासे, मध्ये काळा दगड आणि पाण्याच्या वर झाड. पाहुणे विचारतात, ‘हे कसे केले?’ म्हणून हा लेखप्रपंच.

ही कल्पना आली कुठून?

ही कल्पना आमची नव्हे. तबकात झाड, दगड आणि पाणी मांडून निसर्गाचे छोटे रूप घडवण्याची कला चीनमध्ये पेनजिंग या नावाने शतकानुशतके चालत आली आहे. तीच जपानात गेली आणि बोन्साय झाली. बोन्साय म्हणजे तबकातली लागवड. व्हिएतनाममध्ये तर पाण्याच्या कुंडात डोंगरासारखा दगड उभा करून त्यावर छोटी झाडे लावतात. त्या प्रकाराला ‘होन नोन बो’ म्हणतात. हे तिन्ही देश बुद्धाच्या धम्माने घडलेले आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अलीकडच्या काळात जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी फिशटँककडे निसर्गाचा तुकडा म्हणून पाहायला जगाला शिकवले. प्लॅस्टिकची झाडे आणि बुडबुडे सोडणारे शिंपले त्यांनी बाजूला सारले.

एक आक्षेप

आमच्या एका स्नेह्यांनी झाड पाहिले आणि म्हणाले, ‘साहेब, आपल्या समाजाला हजारो वर्षे बोन्साय करूनच ठेवले होते. मुळे कापली, फांद्या बांधल्या, वाढू दिले नाही. आणि तुम्ही तेच घरात मांडता? तेही बोधिवृक्षाचे?’

बोलणे वर्मी लागले. आम्ही बरेच दिवस विचार केला. माणसाला खुजे केले ते त्याचे अन्न, पाणी आणि अक्षर तोडून. बोन्सायला मात्र पाणी, ऊन आणि खत रोज मोजून द्यावे लागते. एक दिवस विसरलात तर ते मरते. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्यातून वाचलेले पाइनचे एक बोन्साय १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला भेट दिले. ते झाड तीन शतकांहून अधिक काळ माणसांनी हातोहात जपलेले होते. जपणे वेगळे आणि दडपणे वेगळे. तरीही स्नेह्यांचे म्हणणे आम्ही टाकून दिले नाही. घरात एक रोप लावायचे तर दुसरे मोकळ्या जमिनीत लावायचे, असा आम्ही नियम केला. आमच्या वस्तीतील विहाराच्या आवारात त्या वर्षी लावलेला पिंपळ आता छपराच्या वर गेला आहे.

आमची चूक

आता आमची फजिती. फिशटँक, रंगीत खडे आणि बारा मासे आम्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून आणले. दुकानदार म्हणाला, ‘नळाचे पाणी भरा आणि सोडा.’ आम्ही सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मुलीने विचारले, ‘पप्पा, मासे उलटे का झोपलेत?’ बाराच्या बारा गेले होते. पंचशीलातील पहिले शील आम्ही रोज म्हणतो, आणि आमच्या हौसेपायी बारा जीव गेले होते. मुलीला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

नंतर वाचून कळले की कारणे दोन होती. पहिले, नळाच्या पाण्यातील क्लोरीन. ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. पाणी बादलीत उघडे ठेवून २४ तासांनी वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे औषध सांगितल्या प्रमाणात टाकावे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्याच अंशी निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी, खडे, चालू फिल्टर आणि झाड ठेवावे. रोज चिमूटभर खाद्य टाकावे, पण मासे सोडू नयेत.

झाडाचा खरा उपयोग इथेच आहे. नायट्रेट हे झाडाचे अन्न. पाण्यात उतरलेली मुळे ते शोषून घेतात. माशांची घाण झाडाच्या कामी येते आणि झाड माशांचे पाणी सुधारते.

मांडणी

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावी. पाणी आठ इंचच भरावे. म्हणजे सुमारे ३५ लिटर. काच, खडे, दगड धरून वजन साठ किलोच्या आसपास जाते. म्हणून टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नये. पक्का लोखंडी स्टँड घ्यावा आणि टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घालावा.

दगड आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम. संगमरवर, चुनखडी आणि शिंपले पाणी जड करतात. शंका असल्यास दगडावर लिंबू पिळावे. फेस आला तर तो दगड नको. खडे पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावेत. समुद्राची वाळू वापरू नये.

टाकीच्या एका कोपऱ्यात दगड रचून पाण्याच्या पातळीपर्यंत कट्टा करावा. त्यावर जाळीची प्लॅस्टिकची लहान टोपली बसवावी. झाड या टोपलीत राहणार. टोपलीत माती नको, माती पाण्यात उतरते. विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे चाळून, धुऊन भरावेत.

नवख्यांनी पहिले झाड नांद्रुकाचे घ्यावे. पिंपळाच्याच कुळातले ते झाड आहे. पाने मुळातच लहान, स्वभाव सोशिक, नर्सरीत सहज मिळते. पिंपळाचे पान मोठे आणि देठ लांब, त्यामुळे बोन्साय म्हणून तो अवघड. पण या कुळातील झाडांना ओलाव्याची सवय असते. जुन्या विहिरींच्या बांधकामातून पिंपळाची आणि उंबराची मुळे पाण्यात लोंबताना आपण पाहिलीच आहेत.

भिंतीतले रोप पेन्सिलीएवढे असतानाच, चांगला पाऊस पडून गेल्यावर हलक्या हाताने काढावे. मुळे धुवावीत, सोटमूळ आखूड करावे आणि बारीक मुळे टोपलीत पसरावीत. टोपलीचा तळाचा एकच इंच पाण्यात राहावा. खोडाचा बुंधा पाण्यात बुडाला तर कुजतो. पहिल्या पंधरवड्यात पाने गळतील. घाबरू नये. मातीतली जुनी मुळे काही मरतात, आणि पाण्याला सरावलेली पांढरी नवी मुळे जाळीतून खाली येतात. ती दिसली की झाड जगले असे समजावे.

ऊन आणि पाणी यांचे भांडण

झाडाला ऊन हवे आणि टाकीला ऊन चालत नाही. उन्हाने पाण्यात शेवाळ माजते आणि मे महिन्यात पाणी तापते. आम्ही टाकी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली आणि मागच्या काचेला काळा कागद चिकटवला. सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन झाडावर पडते, पाण्यावर नाही. खिडकी नसेल त्यांनी झाडावर चांगला एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावावा.

आणखी चार गोष्टी. छाटणी करताना पाण्यावर वर्तमानपत्र पसरावे आणि कापलेल्या जागेचा चीक ओल्या फडक्याने टिपावा. चीक पाण्यात पडू देऊ नये. झाडाला युरिया किंवा कीटकनाशक मुळीच घालू नये, ते माशांपर्यंत पोहोचते. गळलेले पान रोज उचलावे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते.

मासे गप्पी किंवा झेब्रा घ्यावेत, तेही आठ-दहाच. झेब्रा उड्या मारतो, म्हणून वर जाळी हवी. गोल्डफिश या टाकीत नको, तो वाढतो आणि घाण फार करतो. गप्पी नर-नरच घ्यावेत, नाहीतर महिन्या-दीड महिन्यात पिलांची फौज होते. जास्त झाले म्हणून ओढ्यात सोडू नयेत. तिथले मूळचे मासे त्यामुळे संकटात येतात.

वास्तूचा बाजार

हल्ली फिशटँक अमुक दिशेला ठेवा, इतके सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा, पैसा येईल, काळा मासा मेला तर संकट टळले, असे सांगणारे घरोघरी फिरतात. मासा मरतो तो अमोनियाने. त्याच्या मरणात आपले भाग्य शोधणे हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचे पालन करीन, असे आपण म्हटले आहे. टाकीची दिशा ठरवायची ती ऊन पाहून.

शेवटी पाण्याविषयी

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते, म्हणजे साधारण अर्धी बादली. काढलेले पाणी ओतून देऊ नये. कुंड्यांतील झाडांना ते उत्तम खत आहे. आणि ज्या गावात आपल्या आयाबहिणी टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या आहेत, तिथे ही हौस खुशाल पुढे ढकलावी.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, आपल्या माणसांना मात्र बंदी होती. न्यायालयात तो हक्क शाबूत व्हायला १९३७ साल उजाडले. आमची मुलगी रविवारी टाकीत कोपरापर्यंत हात घालून पिंपळाची मुळे मोकळी करते, तेव्हा आम्ही तिला ही हकीकत सांगतो. पहिल्या वेळी ती ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, ‘पप्पा, पाण्याला हात लावला म्हणून कुणी मारतं का?’

या पावसात भिंतीवर कुठे पिंपळ दिसला, तर उपटून फेकू नका. एक घरी आणा आणि एक विहाराच्या आवारात लावा. आणि मुलांनी असा प्रश्न विचारला, तर त्यांना खरे उत्तर द्या.